गलबल्यातले शब्द : पालमच्या एका शाळेत

परभणीहून पालमला जायचे तर गंगाखेडचा रस्ता धरावा लागतो. गोदावरीचा पूल ओलांडला की संत जनाबाईंचे गंगाखेड येते. रेल्वेची सोय येथपर्यंत आहे. पुढे लोह्याच्या दिशेने जाणारा रस्ता पालमला घेऊन जातो. श्रावणात या रस्त्याने जाणे सुखाचे असते. दोन्ही बाजूंना काळ्या रानात सोयाबीन आणि कपाशी उभी असते, मध्येच तुरीचे तास दिसतात, आणि उजव्या अंगाला बालाघाटाच्या बुटक्या टेकड्या हिरव्या होऊन सोबतीला येतात. एस. टी. बसच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचे बोलणे निम्मे ऐकू येते आणि उरलेले निम्मे आपण अंदाजाने जुळवतो. रोजच्या सवयीमुळे ही जुळवाजुळव आपल्या ध्यानातही येत नाही.

पालम हे तालुक्याचे गाव. येथील एका शिक्षकमित्राने बरेच दिवस बोलावणे धरले होते. त्यांच्या शाळेत श्रवणयंत्र लावणारी एक मुलगी होती. इयत्ता चौथी. यंत्र असूनही तिचे अभ्यासात लक्ष नाही, अशी वर्गाची तक्रार. वडिलांनी तिला शाळेतून काढून लांबच्या शहरातील मूकबधिर मुलांच्या निवासी विद्यालयात घालण्याचे जवळजवळ ठरवले होते. "एकदा तुम्ही येऊन पाहा, मग काय ते होऊ द्या," असा मित्राचा निरोप होता. मी कानाचा विशेषज्ञ नव्हे. एम. बी. बी. एस. होऊन साधा कौटुंबिक दवाखाना चालवणारा डॉक्टर आहे. परंतु मुलाला कसे ऐकू येते, हे तपासणीच्या बंद खोलीइतकेच त्याच्या वर्गात आणि घरातही पाहावे लागते. ते पाहायला विशेषज्ञच हवा असे नाही.

बसथांब्यावरून शाळेकडे जाताना बाजार लागला. बाजाराचाच दिवस होता. भाजीवाल्यांची ओरड, दुचाकींचे भोंगे, रसवंतीच्या चरकाची घुंगरे, मोबाईलच्या दुकानातील गाणी, आणि ध्वनिक्षेपकावरून चाललेली कसलीशी जाहिरात. एवढ्या कल्लोळात एक बाई कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करीत होती आणि भाजीवाल्याला तिचा प्रत्येक शब्द कळत होता. निरोगी कानाची ही करामत आहे. आपल्या अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत सूक्ष्म केसपेशी असतात. उंच आणि खालच्या पट्टीतील आवाज त्या वेगवेगळे करून मेंदूकडे धाडतात. दोन कानांवर आवाज किंचित पुढेमागे आणि कमीअधिक जोराने पोहोचतो. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो, हवा तो आवाज उचलतो आणि नको तो मागे ढकलतो. केसपेशी निकामी झाल्या की आवाज नुसता लहान होत नाही, तो फिसकटतो. श्रवणयंत्र आवाज मोठा करून देते, काही यंत्रे गोंगाट थोडा दाबतातही. पण फिसकटलेले पूर्ववत करणे कोणत्याही यंत्राला जमत नाही. चष्मा लावला की बहुतेकांना स्वच्छ दिसते. श्रवणयंत्र लावले की सगळे स्वच्छ ऐकू येते, ही समजूत मात्र खरी नाही. पुष्कळ घरांतील आणि शाळांतील गैरसमजाचे मूळ येथेच असते.

शाळेची खोली चार भिंतींची, सिमेंटच्या गिलाव्याची आणि वर पत्र्याची होती. खाली शहाबादी फरशी. एका बाजूला व्हरांडा, पलीकडे पोषण आहाराचे स्वयंपाकघर, आणि कुंपणाबाहेर पिठाची गिरणी. डोक्यावर दोन पंखे, त्यांपैकी एक खडखड करणारा. ती मुलगी तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ बसली होती. तिच्या दोन्ही कानांमागे यंत्रे होती, पण मी वर्गात शिरलो तेव्हा डाव्या कानाचे बंद होते. बाईंनी तक्रार सांगितली : "डॉक्टरसाहेब, जवळ बोलावून विचारलं तर हिला सगळं येतं. जागेवर बसली की गप्प. मग सांगा, ऐकू येत नाही म्हणायचं की लक्ष नाही म्हणायचं?"

प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी आम्ही एक साधा खेळ केला. दहा सोप्या शब्दांच्या चार याद्या केल्या : ताट, खडू, बैल, सात, माठ, असे शब्द. मी शब्द बोलायचा, तिने तोच परत म्हणायचा. आधी यंत्रातील सेल बदलले आणि दोन्ही यंत्रे चालू केली. पहिल्या वेळी पंखे बंद, दार लोटलेले, आणि मी तिच्यासमोर हातभर अंतरावर. दहापैकी नऊ शब्द बरोबर आले. दुसऱ्या वेळी तेथेच उभा राहून तोंडापुढे वही धरली, म्हणजे तिला ओठ दिसू नयेत. सात आले. तिसऱ्या वेळी फळ्याजवळ जाऊन, पंखे चालू ठेवून, पण तिच्याकडे तोंड करून बोललो. पाच आले. चौथ्या वेळी फळ्याकडे तोंड करून, म्हणजे रोज शिकवताना निम्मा वेळ आपण जसे उभे असतो तसे उभे राहून बोललो. दोन आले. त्यातही "सात" म्हटले तर तिने "आठ" म्हटले आणि "माठ" म्हटले तर "पाठ". चौथी यादी संपता संपता सर आली. पत्र्यावर पाऊस असा कोसळू लागला की मागच्या रांगेतील धडधाकट कानांच्या मुलांनीही वह्या मिटल्या. बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे पावसात सगळा वर्ग जसा होतो, तशी ही रोजच असते." मला याहून चांगले सांगता आले नसते.

हे असे का होते, ते थोडे आकड्यांत पाहू. आवाजाची मोजणी डेसिबलमध्ये करतात. शिक्षकांचा बोलण्याचा आवाज एक मीटरवर साधारण 65 डेसिबल धरला, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तो सुमारे 6 डेसिबलने घटतो. दोन मीटरवर 59, चार मीटरवर 53. वर्गातील गलबला 55 डेसिबल असेल, तर पहिल्या रांगेत शिक्षकांचा आवाज गलबल्याच्या वर राहतो आणि मागे बसलेल्या मुलापर्यंत पोहोचताना तो गलबल्याखाली बुडालेला असतो. श्रवणदोष असलेल्या मुलाला बोलणे नीट कळावे म्हणून शिक्षकांचा आवाज गलबल्यापेक्षा निदान 15 डेसिबलने वर असावा, असे तज्ज्ञ सांगतात. दुसरी अडचण घुमण्याची. बंद खोलीत आवाज गिलाव्यावर, फरशीवर, पत्र्यावर आपटून परत येतो. त्यामुळे मागच्या रांगेतही काही आवाज पोहोचतो खरा, पण एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते आणि शब्द लडबडतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलपर्यंत आणि घुमण्याचा काळ सुमारे 0.6 सेकंद असावा, असे म्हटले आहे. पत्र्याची रिकामी खोली यापासून फार दूर असते.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या बोलण्यात स्वर जोरकस असतात आणि व्यंजने नाजूक. "सात"मधला "आ" दूरवर जातो. "स" मात्र उंच पट्टीतील फुसफुस असल्याने पंख्याच्या आवाजातही विरून जातो. ओठ पाहून काही भरून निघते, सगळे नाही. "पाय", "बाय" आणि "माय" या तिन्ही शब्दांत ओठ एकसारखेच हलतात. "क", "ग", "ह" तर ओठांवर दिसतच नाहीत. म्हणून मूल डोळे आणि कान दोन्ही ताणून, संदर्भावरून शब्द जुळवत बसते. अशा चार तासांनंतर ते थकते, खिडकीबाहेर पाहू लागते, चिडचिडे होते. आपण त्याला दुर्लक्ष म्हणतो. तो थकवा असतो.

दुपारी मुलीच्या घरी गेलो. गावाच्या जुन्या भागात त्यांचे माळवदाचे घर आहे. जाड भिंती, वर लाकडी सरे आणि पांढऱ्या मातीचे धाबे. आत धान्याची पोती, उतरंड, वळणीवर कपडे, कोपऱ्यात गोधड्यांची चळत. तेथे आजी तिच्याशी जात्याशेजारी बसून हळू आवाजात बोलत होती आणि ती न अडखळता उत्तरे देत होती. आजी म्हणाली, "घरात समदं ऐकती ओ लेकरू. नुसतं शाळंचंच काय ऐकंना, तेच कळंना झालंय." वडिलांची शंका याच बोलण्यातून वाढली होती : घरी ऐकू येते, शाळेत नाही, म्हणजे शाळेचे ढोंग. खरे कारण त्यांच्या घराच्या भिंतींतच होते. जाड भिंतींमुळे बाहेरचा गोंगाट आत येत नव्हता. पोती, गोधड्या आणि कपडे आवाज शोषून घेत होते, त्यामुळे तो घुमत नव्हता. आणि आजी हातभर अंतरावर, तोंडासमोर बसली होती. मुलगी तीच, कान तेच, यंत्रे तीच. बदलली होती ती खोली.

त्याच घराला लागून नवी खोली बांधली आहे, सिमेंटची, पत्र्याची. तिच्यात दूरदर्शन संच आहे. तेथे बसले की मुलगी यंत्रे काढून ठेवते, असे आई म्हणाली. मी तिलाच विचारले, का काढतेस? ती म्हणाली, "समदा आवाज येतो, पर बोलणं येत नाही." पत्र्याच्या खोलीत दूरदर्शन, पंखा आणि भांड्यांचा आवाज यंत्र इमानाने मोठा करते आणि माणसाचे बोलणे त्यात हरवते. यंत्र काढणाऱ्या मुलाला रागावण्याआधी खोलीकडे एकदा पाहावे, हे या एका वाक्याने समजते.

संध्याकाळी शाळेत शिक्षक, मुलीचे वडील आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असे आम्ही बसलो. पैसा फारसा नव्हता, म्हणून बिनपैशाच्या गोष्टी आधी घेतल्या. मुलीची जागा पहिल्या रांगेत, खिडकीपासून आणि दारापासून दूर, आणि अशा कोनात की बाई व वर्गमित्र दोघेही दिसावेत. बाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशी उभे राहण्याची जागा. खिडकीला पाठ केली की चेहरा काळोखात जातो आणि ओठ दिसत नाहीत. फळ्यावर लिहिताना बोलायचे नाही, लिहून वळायचे आणि मग बोलायचे. खडखडणारा पंखा दुरुस्त होईपर्यंत बंद. भाषेचा आणि गणिताचा तास गिरणी चालू होण्याआधी, सकाळी. जमिनीवर जाड सतरंज्या, मागच्या भिंतीला जुन्या गोधड्या आणि गोणपाट, त्यांवर मुलांची चित्रे. गोधड्या गिरणीचा आवाज अडवणार नाहीत, पण खोलीतला घुमारा कमी करतील. पत्र्याखाली छत लावता आले तर पावसाचा मारा बराच उतरेल. तो खर्च शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडायचे ठरले.

बोलण्याच्या पद्धतीतही काही बदल ठरले. आधी मुलीचे नाव घ्यावे, तिने पाहिले की मग बोलावे. विषय बदलला की तो सांगावा किंवा फळ्यावर लिहावा, म्हणजे अंदाजाला आधार मिळतो. ओरडू नये. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजने तेवढीच दुबळी राहतात आणि चेहरा वाकडा होऊन ओठही वाचता येत नाहीत. एकदा सांगून कळले नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगावे. आणि "कळलं का?" असे कधी विचारू नये. मुले होकारार्थी मान डोलावतात. "मी काय म्हणाले, सांग बरं," असे विचारावे. दुसऱ्या मुलाने दिलेले उत्तर बाईंनी पुन्हा उच्चारावे, कारण मागच्या रांगेतून आलेले उत्तर तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

विशेष शिक्षकांनी आणखी एक साधन सांगितले. शिक्षकांच्या गळ्यात छोटा बिनतारी ध्वनिग्राहक असतो आणि तो त्यांचा आवाज थेट मुलाच्या यंत्रात पोहोचवतो. अंतर आणि घुमारा दोन्ही टळतात, म्हणून गलबल्याच्या वर्गात याच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही. ते स्वस्त नाही, आणि प्रत्येक श्रवणयंत्राशी जुळत नाही. नवे यंत्र घेताना पालकांनी श्रवणतज्ज्ञांना हा प्रश्न अवश्य विचारावा.

त्या दिवशी शाळेतील आणखी काही कान पाहिले. एका मुलाचा कान पावसाळ्यापासून वाहत होता आणि घरी त्यात कोमट तेल घालीत होते. वाहत्या कानात तेल, पाणी, पाल्याचा रस काहीही घालू नये. पडद्याला भोक असेल तर ते आत उतरते. कान कोरडा ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. दोघांच्या कानांत मळाचे बूच होते. एकाला सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचल्याचा संशय होता. अशा मुलांचे ऐकणे थोडेच घटते, म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाही. गलबल्याच्या वर्गात तेवढी घटही अभ्यास बुडवायला पुरते. तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीचे कान निर्दोष निघाले, पण तीही मागे पडत होती. तिच्या घरी गोरमाटी बोलतात, मराठी तिची दुसरी भाषा. शिकत असलेल्या भाषेतील बोलणे गोंगाटात समजणे कोणत्याही मुलाला कठीणच जाते, कारण हरवलेला शब्द अंदाजाने भरून काढण्याइतकी ती भाषा अजून त्याची झालेली नसते. गोधड्या लावलेल्या वर्गाचा लाभ तिलाही होणार होता.

वाचक पालकांसाठी सोयींची थोडी माहिती देतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे, आणि श्रवणदोष त्या तपासणीच्या यादीत आहे. आपल्याला शंका असेल तर ती त्या पथकाला सांगा, तपासणीच्या दिवसाची वाट पाहू नका. पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. मुंबईत वांद्रे येथे 1983 मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच विषयाला वाहिलेली आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. त्यात दोन्ही कानांना 60 ते 70 डेसिबलपर्यंतच्या घटीला ऊनश्रवण आणि त्यापुढील घटीला बधिरत्व म्हटले आहे. याहून कमी घट असलेल्या मुलाला प्रमाणपत्र मिळाले नाही, तरी वर्गातील अडचण खरीच असते. पहिल्या रांगेतील जागेसाठी प्रमाणपत्र लागत नाही.

यंत्राची निगाही सांगतो, कारण ते हाती देताना ती क्वचितच कुणी समजावून सांगते. दोन्ही कानांना यंत्रे दिली असतील तर दोन्ही वापरावीत. गोंगाटात दोन कानांचा उपयोग सर्वांत जास्त होतो. रोज सकाळी मोठ्या माणसाने यंत्र चालू आहे ना ते तपासावे. साच्यातील मळ कोरड्या ब्रशाने काढावा. घाम आणि पावसाळी दमटपणा यंत्राचे शत्रू आहेत, म्हणून रात्री ते ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवावे. जस्ताचे सेल वरचा कागद काढताच हवेने चालू होतात, म्हणून कागद वापरतानाच काढावा. हे बारीक सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. मूल वाढते तसा कान वाढतो. साचा सैल होऊन शिट्टी वाजू लागली की तो बदलून घ्यावा. घरी जेवताना दूरदर्शन बंद ठेवावा. लग्नाच्या मांडवात किंवा डीजेजवळ मुलाकडून संभाषणाची अपेक्षा करू नये. तेथे त्याला बाजूला, शांत कोपऱ्यात न्यावे.

उरला प्रश्न निवासी विद्यालयाचा. अशा विद्यालयांविषयी मला आदर आहे. ज्या मुलांना यंत्र लावूनही बोलणे पुरेसे कळत नाही, त्यांना तेथे खुणांची भाषा, सोबती आणि शिक्षण मिळते, आणि ते त्यांचे हक्काचे ठिकाण असते. या मुलीला मात्र समोर बसून बोलले की दहातले नऊ शब्द कळत होते. तिला घरापासून तोडण्याआधी तिचा वर्ग बदलून पाहणे न्याय्य होते. वडील बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. तवर घरच्या गोधड्या मी देतो." विशेष शिक्षकांनी तोच दहा शब्दांचा खेळ महिन्यातून एकदा, त्याच जागेवरून घेऊन आकडे वहीत लिहायचे मान्य केले. दिवाळीला निर्णय होईल तो त्या आकड्यांवरून होईल, रागावरून किंवा दयेवरून होणार नाही.

आपल्या घरात किंवा वर्गात असे मूल असेल तर हा खेळ आजच करून पाहा. दहा शब्द, चार जागा, आणि एक वही. खर्च काही नाही. मात्र शब्द नेहमीच्या आवाजात बोला.